पांढऱ्या यादीतला वारा

माझे मामा चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात इंजिनिअर होते, निवृत्त झाल्यावर साताऱ्याला परतले. धाकटी बहीण गवताळ माळांवर आणि सह्याद्रीच्या सड्यांवर काम करते. मामांच्या भाषेत, सरडे मोजते. कोळशात उभी हयात घालवलेला माणूस पवनचक्कीची बाजू घेतो आणि निसर्गाचं शिक्षण घेतलेली पोरगी तिच्यात खोट काढते, हे ऐकायला उलटं वाटेल, पण आमच्या घरात ते तसंच आहे. यंदा गणपतीत सगळे चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारावर जाऊन आलो आणि त्या दिवशी जेवणं लांबली, त्याचं कारण पुढचं बोलणं. माझं म्हणणं कंसात घातलं आहे.

मामा : वर एवढा वेळ हिंडलीस, पण पात्यांकडे मान वर करून एकदा बघितलं नाहीस.

ती : मी काय नाही ते बघत होते. शिकारी पक्षी किती दिसले तुम्हाला?

मामा : धुकं होतं.

ती : धुकं नसतं तेव्हाही फारसे दिसत नाहीत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी याच पठारावर काम केलंय, २०१८ मध्ये ते छापून आलं. चक्क्या असलेला भाग आणि त्याला लागूनच असलेला, तसाच, पण चक्क्या नसलेला भाग, असे दोन्ही त्यांनी ताडून पाहिले. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जेमतेम चौथा हिस्सा. आणि सरडे मात्र भरपूर. तो गळ्याला निळा-काळा-नारिंगी पंखा असलेला सरडा, तोच.

मामा : मग बरंच झालं की! तुझे सरडे वाढले.

ती : वाढले, पण बदलले. वरून झडप घालणारं कुणी नाही, त्यामुळे माणूस अगदी जवळ गेला तरी पळत नाहीत. रक्तातली ताणाची संप्रेरकं कमी झालीत. पण गर्दी झाल्यामुळे खायला पुरत नाही, अंगानं रोड झालेत, आणि नरांच्या गळ्याचे रंग फिके पडलेत. पात्यावर आपटून मेलेले पक्षी निदान गोळा करून मोजता येतात, मामा. जे यायचेच बंद झाले ते कुठल्या रकान्यात लिहायचे?

मामा : लिही कुठंही. मी तुला दुसरा रकाना दाखवतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले. अंकलेश्वर पहिलं, वापी दुसरं, गाझियाबाद तिसरं, चंद्रपूर चौथं. तुझी मामी उन्हाळ्यात गच्चीवर कपडे वाळत घालायची नाही. आमचं केंद्र आज २,९२० मेगावॅटचं आहे. वॅगन उलटताना मी बघितल्यात, एक रिकामी होते तोवर दुसरी दारात. त्याच्या मागं वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी, खाणींच्या मागं मातीचे डोंगर, ओबी डम्प म्हणतात त्याला, ते इरई नदीच्या काठावर. पूर आला की पाणी गावात. आणि राख! देशात वर्षाला तीस कोटी टनांहून जास्त राख निघते. नागपूरजवळ खसाळ्याचा राखेचा बंधारा २०२२ च्या पावसात फुटला, शेतात राखेचा चिखल बसला. हे सगळं डोळ्यांसमोर असताना तू मला फिका सरडा दाखवतेस.

ती : मी राखेची बाजू घेत नाहीये.

मामा : घेत नाहीस, पण तुझं बोलणं शेवटी तिच्याच उपयोगी पडतं. पवनचक्की वाईट म्हटलं की खाणवाला टाळ्या वाजवतो. आकडा ऐक. खाणीपासून भंगारापर्यंत सगळं धरून एका युनिटमागं कोळशाचे ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, मोठ्या सौर प्रकल्पाचे ४८, वाऱ्याचे ११. हा काही कंपनीच्या माहितीपत्रकातला आकडा नाही, आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या, २०१४ च्या अहवालातला मधला आकडा आहे.

ती : आकडा मान्य. पण वर्गातला सगळ्यात ढ पोरगा शेजारी बसवला की कुणीही हुशार दिसतं. दर वेळी कोळशाशी तुलना केलीत तर कुठल्याच सौर प्रकल्पाला, कुठल्याच पवनचक्कीला कधी प्रश्न विचारता येणार नाही.

मामा : पण विजेच्या बाजारात शेजारी तोच ढ पोरगा बसलाय, त्याला मी काय करू? चक्की बंद केली तर तिच्या जागी दुसरं काय चालू होणार आहे? कोळशाचाच संच. आणि हवामान म्हणशील तर २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच पावसात आपल्या पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगाव, तिकडे रायगडात तळिये. माणसं दरडीखाली गेली. एका पावसाचं खापर हवामानबदलावर फोडता येत नाही, ते मला कळतं. पण असे पाऊस वाढत जाणार हेही कळतं. सडा राखायचा तर त्याच्यावरचं आभाळही राखायला पाहिजे.

(इथे बहीण गप्प झाली. मामांचं हे म्हणणं तिला तोंडपाठ असूनही दर वेळी तेवढंच लागतं, असं मला वाटलं.)

ती : आभाळ राखायचंच आहे. मला खटकतंय ते वेगळं. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे कोळशाच्या केंद्राला पर्यावरण मंजुरी लागते. अहवाल, जनसुनावणी, सगळं. पवनऊर्जा त्या यादीतच नाही. सौर प्रकल्पांनाही सूट आहे. आणि २०१६ मध्ये प्रदूषण मंडळानं उद्योगांची लाल, नारिंगी, हिरवी अशी वर्गवारी नव्यानं केली, तेव्हा एक पांढरा वर्ग काढला. सौर आणि पवन त्यात. पांढऱ्या वर्गातल्याला मंडळाची संमतीच नको, फक्त कळवलं की झालं.

मामा : बरोबरच आहे. चक्कीला धुराडं कुठं असतं?

ती : धूर नाही म्हणून धुराचा कागद नको, हे ठीक. पण जमीन लागते, रस्ते लागतात, तारा लागतात. त्यांचा कागद कुठाय? वनजमीन असेल तर वनखात्याकडे जावं लागतं. आपला माळ मात्र कागदावर वन नसतो, पडीक असतो. मग त्याला विचारणारं कुणीच उरत नाही. या विजेची पर्यावरणाला बसणारी झळ छुपी आहे, असं सगळे म्हणतात. कुणी छपवलेलं नाही हो. बघणं कुणाला बंधनकारकच नाही.

मामा : जनसुनावणी पाहिजे म्हणतेस? मी पाहिल्यात चंद्रपुरात. मंडप घालतात, पुढच्या खुर्च्यांवर ठेकेदाराची माणसं, दाराशी पोलीस, अहवालाचा सारांश असा की गावातल्या मास्तरालाही समजू नये. लोक ओरडतात, इतिवृत्तात लिहिलं जातं की हरकतींची नोंद घेतली. चहा होतो. सहा महिन्यांनी मंजुरी येते. हे नाटक आता माळावर करायचंय का?

ती : करायचंय. नाटक असलं तरी त्यातून कागद तयार होतो, आणि कागद हातात असला की हरित न्यायाधिकरणात जाता येतं. लोक कोर्टात भांडायला कुठला कागद वापरतात? त्याच अहवालातल्या चुका. माळावरच्या धनगराकडे चूक काढायलाही काही नसतं.

मामा : आणि त्यात दोन वर्षं जातात. दोन वर्षं कोळसा जळतो.

ती : भीमाशंकरला गेली नाहीत दोन वर्षं. काय झालं? अभयारण्यालगत, शेकरूच्या जंगलाशेजारी डोंगरमाथ्यावर चक्क्या घेतल्या. एवढी मोठी पाती वर न्यायची म्हणजे रस्ता रुंद पाहिजे, वळण मोकळं पाहिजे. म्हणून उतार कापले, दगडमाती खाली लोटली. पश्चिम घाटासाठीच्या गाडगीळ समितीनं २०११ च्या अहवालात या प्रकल्पावर ताशेरे ओढलेत. तिथं पात्यापेक्षा रस्त्यानं जास्त नुकसान केलं.

(हे मला नवीन होतं. पवनचक्कीचं नाव काढलं की डोळ्यांपुढे पातं येतं, तिथवर जाणारा घाट येत नाही. चाळकेवाडीच्या सड्यावरही प्रत्येक मनोऱ्यापर्यंत मुरमाची एक वाट गेलेली आहे. वरून पाहिलं तर कातळावर कुणी चाकूनं रेघा ओढल्यासारखं दिसत असेल.)

मामा : भीमाशंकर चुकलं, मान्य. पण तू सौरचं काय करणार? आपल्या शेतकऱ्याचे हाल मला माहीत आहेत. आठवडाभर दिवसा थ्री फेज, आठवडाभर रात्री. रात्री बारा वाजता बॅटरी घेऊन दारं धरायला जायचं. जुन्नरकडे बिबट्या, इकडे साप. त्याला दिवसा वीज द्यायची तर सौरशिवाय दुसरं काय आहे? राज्यानं सौर कृषी वाहिनीत १६,००० मेगावॅटचं उद्दिष्ट ठेवलंय, गावोगावच्या उपकेंद्राजवळ छोटे छोटे प्रकल्प. खाजगी जमीन दिली तर हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला भाडं. कोरडवाहूत कोण देतं एवढं?

ती : योजना चांगली आहे. पण एका मेगावॅटला चार-पाच एकर लागतात. सोळा हजार मेगावॅट म्हणजे साठ-पासष्ट हजार एकर तरी. त्यातली कितीतरी जमीन गायरान. गायरानाला भाडं कुणाला द्यायचं? ज्याची दोन शेरडं तिथं चरतात त्याच्या नावावर काही नसतं. कुंपण पडलं की तो बाहेर. कोकणातून देशावर येणारा मेंढपाळ दर वर्षी त्याच माळांवरून जातो. एक माळ बंद झाला की त्याचा सगळा रस्ता बदलतो.

मामा : कर्नाटकात पावगडच्या सौर प्रकल्पाला जमीन विकतच घेतली नाही. तेरा हजार एकर, एकरी एकवीस हजार भाडं. दुष्काळी तालुका, जिथं भुईमूगही धड यायचा नाही. आज जमीनमालक घरात बसून खातो.

ती : जमीनमालक खातो. त्याच्या रानात खुरपायला जाणाऱ्या बाईला कोण भाडं देतं?

मामा : तिला कोळशाच्या राज्यात तरी कोण देत होतं?

ती : तुम्ही परत त्या ढ पोरापाशी आलात. आणि धुळ्याचं विसरलात. सौर प्रकल्पासाठी घेतलेल्या जमिनीचा मोबदला नीट मिळेना म्हणून विखरणच्या ऐंशी ओलांडलेल्या शेतकऱ्यानं २०१८ च्या जानेवारीत मंत्रालयात विष घेतलं. गेले ते. वीज कोळशाची आहे की उन्हाची, याच्याशी भूसंपादनाच्या टेबलाला काही देणंघेणं नसतं.

(मामा बराच वेळ पानातला भात कालवत राहिले. मग त्यांनी स्वतःच विषय पाण्यावर नेला. मला वाटतं, तो त्यांनी मुद्दाम नेला.)

मामा : तुला यातलं खरं भय सांगू? पाणी. उन्हावरच्या पंपाला बिल नाही. फुकट वीज, दिवसभर. विहीर आटेपर्यंत उपसा. आणि ऊस.

ती : तुम्हीच म्हणालात हे बरं झालं.

मामा : म्हणालो, पण दुसरी बाजू आहे. आज रात्रपाळीची वीज आली की लोक ऑटोस्विच लावून झोपतात. वीज आली की पंप सुरू, पाणी रात्रभर वाहतं, सरी फुटली तरी कुणी बघत नाही. दिवसा निदान माणूस बांधावर असतो.

(भंगाराचं बोलणं आटोपशीर झालं, म्हणून आटोपशीरच देतो. बहीण म्हणाली, एका अंदाजाप्रमाणे २०३० पर्यंत देशात सौर पॅनेलांचा सहा लाख टन कचरा साचेल. आज भंगारवाला अ‍ॅल्युमिनियमची चौकट आणि तांबं काढतो, काच आणि शिशाचं डाक लावलेले तुकडे टाकून देतो. २०२२ च्या ई-कचरा नियमांत पॅनेलं आली, पण उत्पादकानं ती २०३४-३५ पर्यंत साठवून ठेवायची एवढंच म्हटलंय. मामा म्हणाले, सहा लाख टन होईपर्यंत इतकी वर्षं, आणि राख वर्षाला तीस कोटी; भागाकार कर. तिनं केला, पाचशे आला. मग म्हणाली, राखेचं काय करायचं हे इतक्या दशकांत सुचलं नाही, म्हणून दुसऱ्या ढिगाचं तरी सुरुवातीलाच ठरवा. काँगोतलं कोबाल्ट आणि चीनमधल्या बाओतौजवळची दुर्मीळ मृदा धातूंची खाण यांवरही असंच झालं. जगातला जवळपास सत्तर टक्के कोबाल्ट काँगोतून येतो आणि त्यातला काही हातानं खणलेला असतो, हे तिनं सांगितलं; जगात वर्षाला साधारण १५ अब्ज टन कोळसा, तेल आणि वायू उपसला जातो, हे त्यांनी. दोन्ही खरं आहे. कुणाचंच समाधान झालं नाही.)

ती : मामा, तुम्ही मुळशी कशी बसवता तुमच्या हिशोबात?

मामा : कुठली, टाटांचं धरण?

ती : तेच. तीही स्वच्छ वीजच होती. मुंबईच्या गिरण्यांना, गाड्यांना घाटातल्या पाण्याची वीज. १९२१ ला सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे मावळ्यांना घेऊन तिथं बसले ते कोळशाविरुद्ध नव्हते, भाताची खाचरं जात होती म्हणून होते.

मामा : आणि शंभर वर्षं होत आली तरी त्याच पाण्यावर भिऱ्याचं केंद्र वीज देतंय. राखेचा कण नाही. दुसरं असं कुठलं यंत्र दाखव.

ती : आणि ती गावं?

मामा : पाण्याखाली. (थोडं थांबून) हो. कोयनेचंही तेच. आपली वीज आली, इथली माणसं सोलापूर-ठाण्याकडे पाठवली, साठ वर्षं झाली तरी कागद पूर्ण नाहीत. मी त्या विजेवर शिकलो.

ती : म्हणून मला त्या पंप्ड स्टोरेजची धास्ती वाटते. घाटमाथ्यावर एक तलाव, खाली एक तलाव. दुपारी सौरवीज जास्त झाली की पाणी वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडायचं. पाटगावला २,१०० मेगावॅट, कोयना-निवकणेला २,४५०. घाटातला प्रत्येक उंच कडा आता कुणाच्या तरी नकाशावर आहे.

मामा : सूर्य मावळल्यावर दिवा कशानं लावणार? बॅटरी लावली तर म्हणशील कोबाल्ट, लिथियम. पाणी वर चढवलं तर म्हणशील घाट. शंभर युनिट वर चढवले तर पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात, हे वाईट नाही. घाटघरला २५० मेगावॅटचं २००८ पासून चालू आहे. तुम्हा लोकांचं हेच चुकतं, प्रत्येक वाटेवर पाटी लावता, रस्ता बंद.

ती : प्रत्येक नाही. जी जमीन आधीच मोडली आहे तिथं घ्या की. धरणांच्या पाण्यावर, कालव्यांवर, गोदामांच्या पत्र्यांवर. तुमच्या चंद्रपुरात वेकोलिनं खणून सोडलेली जमीन आहे. जुन्या धरणांच्या जोड्या वापरा, नवं बुडवू नका.

मामा : ओबी डम्पवर पॅनेल उभं करून बघ एकदा. माती बसते, पाया हलतो, पावसात घसरते. पत्र्यावरची सौर महाग पडते, आणि मुंबईच्या चाळीस मजल्यांना छप्पर किती? माणशी एक टाइल येईल. होईल तेवढं करावं, पण त्यानं भागेल असं समजू नकोस. आणि माळढोक पक्ष्याचं नाव घेऊ नकोस आता.

ती : घेणारच होते.

मामा : म्हणून तर आधी बोललो. सोलापुरात नान्नजचा माळढोक कशानं गेला? तारेनं? तो माळ फोडून शेती झाली, वनखात्यानं गवतात गिरिपुष्प लावलं. तिथं चक्की नव्हती.

ती : नान्नजचं खरं आहे. पण जैसलमेरला उरलेले पक्षी तारेनंच मरतात. समोरचं त्यांना नीट दिसत नाही, अंग जड, ऐन वेळी वळता येत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अंदाजानं थरच्या ४,२०० चौरस किलोमीटरमध्ये वर्षाला ८४,००० पक्षी तारांना आपटून मरतात, सगळ्या जातींचे मिळून. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ ला तारा जमिनीखाली घ्यायला सांगितलं. सरकार म्हणालं, जमत नाही, सौरऊर्जा अडेल. २०२४ च्या मार्चमध्ये न्यायालयानं आदेश सैल केला आणि तज्ज्ञांची समिती नेमली. त्याच निकालात हवामानबदलाच्या परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क मान्य केला. म्हणजे तुमची बाजू आणि माझी बाजू एकाच निकालपत्रात.

मामा : मग कुणाची जिंकली?

ती : समितीची.

(मी हसलो, ती हसली नाही. माझं मत विचारलं असतं तर म्हणालो असतो की एकूण बेरजेत मामा बरोबर आहेत. पण बेरीज करायची तर आधी नोंदी लागतात, आणि माळावरची नोंद ठेवायला कायद्यानं कुणालाच बसवलेलं नाही. मामांच्या राखेची नोंद आहे, ती वर्षाला किती टन हे त्यांना सांगता येतं, ते आधीच्या लोकांच्या भांडणामुळे. मला कुणी विचारलं नाही.)

मामा : बरं, चाळकेवाडीचंच बोलू. वनकुसवडे, चाळकेवाडी इथली मशिनं पंचवीसेक वर्षांची झाली. तेव्हाची किती छोटी, साडेतीनशे किलोवॅटची. आता एक नवं अडीच-तीन मेगावॅटचं. सात-आठ जुनी काढून एक उभं राहील. वीज तेवढीच, जागा कमी. घे, तुझा सडा मोकळा झाला.

ती : जुन्यांचा पाया कोण काढणार? काँक्रीट कातळात रुतलंय.

मामा : करारात असेल ते.

ती : नसलं तर?

मामा : नसलं तर काढायचा खर्च विजेच्या दरात धरा. युनिटमागं पैशात येईल, रुपयात नाही. मी ग्राहक म्हणून द्यायला तयार आहे.

ती : आणि पाती? ती फायबरची, वितळत नाहीत. कापून कुठल्या दरीत टाकणार?

मामा : सिमेंटच्या भट्टीत जातात ती, बाहेरच्या देशांत करतात तसं. तेही दरात धरा. अजून काय?

ती : रस्ते उखडा.

मामा : चाळकेवाडीच्या बायकांना विचारलंस? त्या रस्त्यानं बाळंतपणाला गाडी येते.

ती : विचारलंय. त्यांना रस्ता हवाय. गावाचा राहू दे, मनोऱ्यांकडे जाणाऱ्या बाकीच्या वाटा उखडा. आणि कड्याच्या काठची रांग पुन्हा उभी करू नका. कड्यावर आपटून वारा वर चढतो, घारी आणि गरुड त्याच वाऱ्यावर तरंगतात.

मामा : अगं, वारा तिथंच असतो! तीच रांग सगळ्यात जास्त वीज देते. आत सरकवलं तर मशीन मोठं घेऊन काय फायदा?

ती : म्हणून तर तीच मागते.

मामा : कड्याची रांग मी सोडणार नाही.

ती : मग मी बाकी सगळं सोडते, मामा. पॅनेलं, पाती, काँक्रीट, सगळं. तेवढी रांग द्या.

मामा : नाही.